पाटीवरचा चेशायर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असं समितीने सांगितलं, तेव्हा मी आधी सोसायटीचा इतिहासच लिहायला बसलो होतो. पण तो विषय चेअरमनसाहेबांनी स्वतःकडे घेतला आहे. बरंच झालं म्हणायचं, कारण मला ज्या माणसाबद्दल खरं तर लिहायचं होतं, तो आपला सभासद नव्हता, मराठी नव्हता, भारतीयसुद्धा नव्हता. १९९२ साली तो इंग्लंडमध्ये वारला. तरी त्याचं नाव आपण सगळे जाता-येता वाचतो. महाकाली केव्ह्ज रोडवरच्या ‘चेशायर होम’च्या पाटीवर ते आहे.

रिक्षावाल्याला खूण म्हणून मी हे नाव कित्येकदा सांगितलं असेल. आत मात्र कधी गेलो नाही. नाव ओळखीचं वाटायचं, कारण नोकरी सांभाळून रात्रीच्या कॉलेजात एलएल.बी. करत असताना कराराच्या कायद्यावरचं ‘चेशायर आणि फिफूट’ हे जाडजूड पुस्तक उशाशी असायचं. मला आपलं वाटायचं, त्याच प्रोफेसरांच्या पैशातून हे होम उभं राहिलं असणार. निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळलं की अंदाज थोडक्यात चुकला. प्रोफेसर म्हणजे वडील, आणि होमवाला तो त्यांचा मोठा मुलगा, लेनर्ड चेशायर. पैसा तर त्याच्याकडे नव्हताच.

लेनर्डचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ चा. वडील ऑक्सफर्डला कायदा शिकवायचे, त्यामुळे बालपण तिथेच गेलं. तो स्वतःही ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात कायदाच शिकला, पण अभ्यासापेक्षा वेगवान गाड्या, पैजा आणि मित्र यांतच त्याचा जीव. जवळपास रिकाम्या खिशाने पॅरिस गाठून दाखवतो अशी एक पैज त्याने मारली होती आणि जिंकलीही. बक्षीस काय, तर अर्धा पाइंट बिअर! असल्या पोराच्या नावाने पुढे देशोदेशी घरं निघतील, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर वडीलही हसले असते.

ऑक्सफर्डला विद्यार्थ्यांसाठी हवाई पथक होतं, तिथे तो विमान उडवायला शिकला. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि तो ब्रिटिश हवाई दलात दाखल झाला. नेमणूक बाँबफेकी विमानांवर. रात्रीच्या अंधारात जर्मनीवर जायचं, खालून तोफांचा मारा, वरून शत्रूची लढाऊ विमानं. संध्याकाळी सोबत जेवलेले सोबती सकाळी परत येतीलच याची खात्री नाही. नोव्हेंबर १९४० मध्ये कोलोनच्या मोहिमेवर त्याच्या विमानात स्फोट झाला. एका बाजूला मोठं भगदाड पडलं, आत आग लागली, एक सहकारी भयंकर भाजला. तसलं विमान त्याने कित्येक तास चालवून इंग्लंडला परत आणलं. तेव्हा त्याचं वय होतं तेवीस. त्याचा धाकटा भाऊही वैमानिक होता. त्याचं विमान पडलं आणि तो उरलेलं सगळं युद्ध जर्मनांच्या कैदेत राहिला.

पुढे लेनर्डकडे एका तुकडीचं नेतृत्व आलं. त्याची एक सवय तिथल्या लोकांच्या कायम लक्षात राहिली. विमानांची देखभाल करणारे मेकॅनिक, फिटर, सामान भरणारी पोरं, यांची नावं तो पाठ करायचा आणि नवा माणूस आला की त्याला नावाने हाक मारायचा. वाचताना मी थोडा ओशाळलो, खोटं कशाला सांगू. सोसायटीत इतकी वर्षं काढली, पण गेटवर रात्रपाळीला बसणाऱ्या मंडळींपैकी किती जणांची नावं मला ठाऊक आहेत?

१९४३ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो ग्रुप कॅप्टन झाला. इतक्या लहान वयात हवाई दलात त्या हुद्द्यावर कुणी पोचलं नव्हतं. पण वरच्या हुद्द्याबरोबर टेबलखुर्ची येते. प्रत्यक्ष मोहिमांवर जाता येत नाही म्हणून त्याने एक पायरी खाली उतरणं मागून घेतलं आणि विंग कमांडर म्हणून ६१७ क्रमांकाच्या तुकडीचं नेतृत्व स्वीकारलं. जर्मनीची धरणं फोडणारी प्रसिद्ध तुकडी ती हीच. प्रमोशन नाकारणारे लोक मी बँकेत पाहिले आहेत, पण ते बदली टाळायला. मृत्यूच्या अधिक जवळ जाता यावं म्हणून डिमोशन घेणारा मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

या तुकडीत असताना त्याने एक नवं तंत्र बसवलं. उंचावरून अंधारात बाँब टाकले की ते भलतीकडेच पडतात. तेव्हा एकाने अगदी खाली जाऊन लक्ष्यावर पेटते खुणेचे दिवे टाकायचे आणि बाकीच्यांनी ती खूण धरायची. खाली जाणारा तो एक जण बहुतेक वेळा चेशायर स्वतःच असे. फेब्रुवारी १९४४ मध्ये फ्रान्समधल्या लिमोज इथल्या विमान-इंजिनांच्या कारखान्यावर हल्ला करायचा होता. कारखाना जर्मनांच्या ताब्यात, पण रात्रपाळीला कामावर असलेल्या शेकडो बायका फ्रेंच. चेशायरने आपलं अवजड लँकेस्टर विमान छपरांना लागेल इतकं खाली आणलं आणि कारखान्यावरून तीनदा नेलं. बायकांना पळायला अवधी मिळावा, एवढाच त्यामागचा हेतू. त्या बाहेर पडल्यावरच त्याने खूण टाकली. पहिल्याच फेरीत शत्रू सावध होणार हे त्याला माहीत नव्हतं असं नाही.

सप्टेंबर १९४४ मध्ये त्याला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. आपल्याकडे परमवीर चक्र, तसा त्यांच्याकडे हा सर्वोच्च सन्मान. तो सहसा एखाद्या दिवसाच्या, एखाद्या प्रसंगाच्या शौर्यासाठी देतात. चेशायरला दिला तो चार वर्षांत केलेल्या शंभर मोहिमांसाठी. राजाच्या हस्ते पदक घ्यायच्या दिवशी नॉर्मन जॅक्सन नावाचा हुद्द्याने बराच खालचा एक वीरही तिथे होता. उडत्या विमानाच्या जळत्या पंखावर आग विझवण्यासाठी चढलेला हा माणूस. रीतीप्रमाणे मोठ्या हुद्द्याच्या चेशायरचं नाव आधी होतं. पण जॅक्सनने माझ्यापेक्षा जास्त जीव धोक्यात घातला, त्याला आधी द्या, असा आग्रह चेशायरने धरला. राजाला रीत काही मोडता आली नाही, पण जॅक्सन ही गोष्ट पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

युद्धाचा शेवट त्याने जिथून पाहिला, तिथून पाहायची वेळ कुणावर येऊ नये. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबाँब पडला. त्या वेळी अमेरिकन विमानांपैकी एकात ब्रिटनच्या वतीने दोन निरीक्षक होते, एक शास्त्रज्ञ विल्यम पेनी आणि दुसरा चेशायर. दूरवरून त्याने तो ढग वर चढताना पाहिला. त्या दृश्याने पश्चात्ताप होऊन तो सेवेकडे वळला, अशी सोपी गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगतात. ती त्याने स्वतः मान्य केली नाही. बाँबमुळे युद्ध लवकर थांबलं आणि जीव वाचले, असं त्याचं मत शेवटपर्यंत राहिलं. त्याच्याशी आपण सहमत असायलाच हवं असं नाही. मी तर नाही. पण एक खरं, की शांतता नुसती जाहीर करून टिकत नाही, ती रोजच्या जगण्यात बांधावी लागते, हे त्याच्या मनाने घेतलं.

१९४६ च्या सुरुवातीला त्याने हवाई दल सोडलं. वय अठ्ठावीस, छातीवर पदकं, वर्तमानपत्रांत नाव, आणि पुढे काय करायचं याचा पत्ता नाही. युद्धात त्याने एका अमेरिकन नटीशी लग्न केलं होतं, तेही टिकलं नाही. युद्धातून परतलेले त्याच्यासारखे हजारो सैनिक होते. ना धड काम, ना पूर्वीचं घर. त्याने विचार केला, या सगळ्यांनी एकत्र राहावं, शेती करावी, कौशल्य वाटून घ्यावं, मिळून खावं. म्हणजे थोडक्यात, एक सहकारी वसाहत! पहिली वसाहत लेस्टरशरमध्ये झाली, मग हॅम्पशरमध्ये ‘ल कोर्ट’ नावाचा भलामोठा जुना वाडा त्याने मावशीकडून विकत घेतला.

सभासदहो, आपण पंचवीस वर्षं सोसायटी चालवली आहे, तेव्हा पुढे काय झालं असेल ते मी सांगायला नको. कामाची वाटणी कुणाला पटेना, खर्चाचा मेळ बसेना, कुरबुरी सुरू झाल्या. चेशायर स्वतः थकून आजारी पडला आणि विश्रांतीसाठी कॅनडात गेला. १९४७ मध्ये वसाहत मोडली. हातात उरलं काय, तर रिकामा वाडा आणि डोक्यावर कर्ज.

इथून खरी गोष्ट सुरू होते, असं मला वाटतं. १९४८ मध्ये त्याला समजलं की वसाहतीत डुकरांची देखभाल करणारा आर्थर डाइक्स नावाचा माणूस हॉस्पिटलात आहे. त्याला कॅन्सर झालेला. डॉक्टरांच्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि घरी न्यायला त्याचं कुणी नव्हतं. आपण आता जगत नाही, हेही आर्थरला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते अवघड काम चेशायरने केलं. आर्थरची मागणी एवढीच होती, की राहायची एखादी चाकांवरची खोली उभी करण्यापुरती जागा वाड्याच्या आवारात मिळावी. चेशायरने हॉस्पिटलं पालथी घातली, कुठे सोय होईना. शेवटी तो आर्थरला वाड्यातच घेऊन आला.

घरात ते दोघंच. नर्स ठेवायला पैसे नाहीत. तेव्हा हा व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी चादरी बदलायला शिकला, बेडपॅन द्यायला शिकला, पेशंटला न दुखवता कुशीवर वळवायला शिकला. स्वयंपाक करायचा, भरवायचा, रात्री हाकेच्या अंतरावर झोपायचा. आर्थर जन्माने कॅथलिक, धर्मापासून दूर गेला होता आणि अखेरच्या दिवसांत परतला होता. आपण मरणार हे कळूनही त्याच्यापाशी असलेला शांतपणा चेशायरने रोज जवळून पाहिला. ऑगस्टमध्ये आर्थर गेला. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, चेशायरने कॅथलिक पंथ स्वीकारला. रोजची प्रार्थना त्यानंतर त्याने कधी सोडली नाही. घरं मात्र त्याने कुठल्याही एका धर्माच्या माणसांसाठी ठेवली नाहीत. ती सगळ्यांसाठी होती.

आर्थर असतानाच दुसरी हाक आली होती. नव्वदी ओलांडलेली, अंथरुणाला खिळलेली एक आजी. मग तिसरं कुणी, चौथं कुणी. जाहिरात नव्हती की योजना नव्हती. छप्पर गळत होतं. शेजारपाजारचे लोक येऊन कुणी भिंती रंगवल्या, कुणी भाजी आणून टाकली. ज्यांना थोडं उठता-बसता येत होतं, ते अगदी पडून असलेल्यांची कामं करत. वर्षभरात वाडा भरला. शंभर जणांची वसाहत ठरवून काढली होती ती मोडली, आणि एका मरणाऱ्या माणसाला घरात घेतलं त्यातून हे उभं राहिलं. मला तर याचं अजून नवल वाटतं.

त्यानंतर कॉर्नवॉलच्या टोकाला दुसरं घर निघालं. आणि तेवढ्यात १९५२ मध्ये चेशायरलाच क्षय झाला. दोन वर्षांहून जास्त काळ तो मिडहर्स्टच्या सॅनेटोरियममध्ये होता. फुप्फुसावर शस्त्रक्रिया झाल्या, बरगड्या काढाव्या लागल्या. इतरांची शुश्रूषा करणाऱ्याला आता पाणीसुद्धा दुसऱ्याने द्यावं लागत होतं. पण त्या अंथरुणातून त्याने पत्रांवर पत्रं लिहिली, आणि काम बंद पडण्याऐवजी घरं वाढली. माणसं आपणहून समित्या करून आपापल्या गावात घर काढू लागली होती.

बरा होऊन बाहेर पडला आणि १९५५ मध्ये तो आला तो थेट आपल्या मुंबईत. पुढच्याच वर्षी, १९५६ साली, ब्रिटनबाहेरचं पहिलं चेशायर होम सुरू झालं ते आपल्या अंधेरीत, ‘बेथलेहेम हाउस’ या नावाने. त्या काळची अंधेरी पूर्व डोळ्यांसमोर आणून पाहा. सीप्झ नाही, ते १९७३ चं. मेट्रो तर कुणाच्या स्वप्नातही नाही. महाकालीच्या लेण्यांकडे जाणारा रस्ता म्हणजे मुंबईच्या माणसासाठी जवळपास गावाबाहेरचा. आज जगभर पसरलेल्या कामाचं इंग्लंडबाहेरचं पहिलं पाऊल आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर पडलं, आणि पंचवीस वर्षं मी त्याकडे रिक्षाची खूण म्हणून पाहिलं. पुढे दिल्ली, बंगळूर, चेन्नई, जमशेदपूर अशी देशभर घरं निघाली.

मुंबईचा त्याच्याशी आणखी एक धागा आहे, आणि तो सांगितला की आमच्या घरी कुणाचा विश्वास बसत नाही. चेशायरचं लग्न मुंबईत झालं! ५ एप्रिल १९५९ रोजी, इथल्या कॅथलिक कॅथेड्रलात. वधू होती सू रायडर. तीही साधी बाई नव्हे. युद्धात ऐन तरुण वयात तिने शत्रूच्या मुलखात उतरणाऱ्या पोलिश हेरांच्या छावण्यांत काम केलं होतं. युद्धानंतर छळछावण्यांतून वाचलेल्या, कुणी वाली नसलेल्या माणसांसाठी ती युरोपभर स्वतः गाडी चालवत फिरत असे. जर्मनीच्या तुरुंगांत अडकलेल्या पोलिश तरुणांना भेटत असे. पुढे ती ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहाची सदस्य झाली तेव्हा किताबासाठी तिने वॉर्सा हे पोलंडच्या राजधानीचं नाव निवडलं.

दोघांनी लग्नानंतर एकत्र काम हाती घेतलं ते डेहराडूनला. कुष्ठरोगातून बरे झालेले पण घरी परत न घेतलेले लोक, क्षयाचे रोगी, बुद्धीची वाढ न झालेली मुलं, अशांसाठी ‘राफेल’ नावाचं केंद्र १९५९ मध्ये तिथे सुरू झालं. त्याचा पैसा उभा करायला नवराबायको ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडपर्यंत फिरले. लग्नानंतरचा प्रवास म्हणावा तर तो हाच. आपापल्या वेगळ्या संस्था दोघांनीही चालू ठेवल्या. सफोकमधल्या कॅव्हेंडिश गावात जिथे सूने आसरा दिलेली माणसं राहत, तिथेच दोघांनी संसार केला, दोन मुलं वाढवली.

आता एक गोष्ट, जी त्याच्याबद्दलच्या गौरवपर लेखनात सहसा येत नाही. चेशायरच्या घरांत सगळं गोड होतं असं नाही. ल कोर्टमध्ये तरुण अपंग राहायला आले, शिकलेसवरलेले. त्यांना जाणवू लागलं की आपल्याला छप्पर मिळालं, जेवण मिळालं, पण आपलं आयुष्य दुसरेच कुणी ठरवताहेत. झोपायचं कधी, बाहेर जायचं कधी, हे समितीने का सांगावं? त्यांनी भांडण मांडलं, कारभारात आवाज मागितला. १९५६ मध्ये तिथे राहायला आलेला पॉल हंट त्यांत पुढे होता. १९७२ साली त्याने वर्तमानपत्रात एक पत्र लिहिलं आणि त्यातून अपंगांची स्वतःची संघटना उभी राहिली. त्यांचं म्हणणं असं, की आम्हाला अडवतं ते आमचं शरीर नाही, समाजाने उभ्या केलेल्या भिंती अडवतात. सगळ्या जगाने हा विचार पुढे उचलला. म्हणजे बघा, प्रेमाने उघडलेल्या दारालासुद्धा आतून कडी कुणाच्या हातात आहे, हे विचारावं लागतं. चेशायरची थोरवी यामुळे मला कमी वाटत नाही. चांगल्या कामातही ज्याच्यासाठी ते काम, त्यालाच विचारायचं राहून जातं, एवढं यातून मी घेतलं.

बाकीचा तपशील थोडक्यात सांगतो. १९८१ मध्ये त्याला ब्रिटनचा ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा मोठा सन्मान मिळाला. १९९१ मध्ये तो लॉर्ड झाला. सत्तरी पार केल्यावर, युद्धांत मेलेल्यांच्या स्मरणार्थ आपत्तिनिवारणाचा निधी उभारायचं काम त्याने अंगावर घेतलं. बर्लिनची भिंत पडल्यावर १९९० मध्ये तिथे रॉजर वॉटर्सचा जो प्रचंड संगीत कार्यक्रम झाला, तो याच निधीसाठी. आपल्याकडच्या तरुण मंडळींना तो कार्यक्रम माहीत असेल, त्यामागचा म्हातारा माहीत नसेल.

आणि शेवटी त्याला मोटर न्यूरॉन आजार झाला. हातापायांतली शक्ती हळूहळू जाते, मग बोलणं, मग गिळणं. आपल्या घरांत त्याने असे रोगी पाहिले होते, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलं आहे हे त्याला नीट ठाऊक होतं. चाळीसेक वर्षं ज्यांच्या व्हीलचेअर त्याने ढकलल्या, त्यांच्याच रांगेत तो येऊन बसला. ३१ जुलै १९९२ रोजी, कॅव्हेंडिशच्या घरी, तो गेला. तेव्हा ४९ देशांत त्याच्या कामातून निघालेली २७० घरं होती.

इथे लेख संपवता आला असता. पण मग सोसायटीच्या स्मरणिकेत तो कशाला, असं कुणीही विचारेल. म्हणून आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

आपल्या बी विंगच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. तळमजल्यावरच्या काकूंना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या व्हीलचेअरवर आहेत. काकांनी रॅम्पसाठी कमिटीकडे अर्ज दिला तेव्हा सेक्रेटरी मी होतो. रॅम्प केला तर दोन स्कूटरची जागा जात होती. त्यांतली एक माझी. कॉन्ट्रॅक्टरचं एस्टिमेट जास्त आहे, सिंकिंग फंडाला हात लावता येणार नाही, आज एकाने मागितलं उद्या दुसरा मागेल, अशी कारणं सभेत मांडली गेली, आणि त्यांतली बरीचशी मीच मांडली. विषय पुढील सभेत घ्यावा, असं मिनिट्समध्ये माझ्या अक्षरात लिहिलं आहे. ती पुढील सभा येऊन तीन वर्षं होतील, विषय आला नाही. काका पुन्हा बोलले नाहीत. डॉक्टरकडे न्यायचं असलं की आपला वॉचमन आणि इस्त्रीवाला मिळून काकूंना खुर्चीसकट उचलतात. गणपतीला काकू खिडकीतून हात जोडतात. पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्या सत्यनारायणाला कंपाउंडमधली रांगोळी ज्यांनी काढली, त्या याच काकू, हे जुन्या सभासदांना आठवत असेल.

मी कायदा शिकलेला माणूस. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मला माहीत नव्हता असं नाही. पण कायदा दाखवून रॅम्प व्हावा असं आता मला वाटत नाही. शत्रूच्या गोळ्या अंगावर घेत, खालच्या अनोळखी बायका बाहेर पडाव्यात म्हणून तीन फेऱ्या मारणारा माणूस ज्या रस्त्यावरच्या पाटीवर आहे, त्या रस्त्यावर राहून मला तीन पायऱ्या आणि एक स्कूटर सोडवेना, याची लाज वाटते म्हणून व्हावा.

रौप्यमहोत्सवाचा कार्यक्रम कंपाउंडमध्ये आहे. तोपर्यंत सिमेंटचा रॅम्प होणार नाही हे मलाही कळतं. पण लाकडी फळीचा तात्पुरता उतार सुताराकडून करून घेता येतो, मी चौकशी केली आहे, त्याचा खर्च मी देतो. पक्क्या रॅम्पचा ठराव येत्या वार्षिक सभेत मीच मांडणार आहे, आणि अनुमोदनासाठी एक सभासद लागेल. माझी स्कूटर मी गेटबाहेर लावायला सुरुवात केली आहे.

मात्र नकाशा काढण्याआधी एक करायचं ठरवलं आहे. उतार कुठून हवा, किती चढाचा झेपेल, कठडा कुठल्या हाताला हवा, हे काकूंना जाऊन विचारायचं. अर्ज आला तेव्हा आम्ही काकांशी बोललो, कॉन्ट्रॅक्टरशी बोललो, आपापसांत तर तासभर बोललो. काकूंना कुणीच विचारलं नव्हतं. येत्या रविवारी सकाळी मी जाणार आहे. कुणाला बरोबर यायचं असेल तर दहा वाजता बी विंगच्या पायऱ्यांपाशी या.